माडीचे प्रमाण आणि चौलच्या वाड्या

अलिबागच्या दक्षिणेस, कुंडलिका नदीच्या मुखाजवळ वसलेले चौल हे अष्टागरातील जुने बंदर असून, बंदराचा व्यापार ओसरल्यावरही तेथील नारळी-पोफळीच्या वाड्या टिकून राहिल्या. कोकणातील अशा वाड्यांत माडी काढण्याचे काम परंपरेने भंडारी समाजाकडे होते. थोड्या प्रमाणात साधलेले पेय मोठ्या प्रमाणात कसे करावे, हा घरी बिअर करणाऱ्याला पडणारा प्रश्न याही व्यवसायात उभा राहतो. मात्र त्याचे उत्तर येथे हिशेबाच्या वहीत नव्हे, तर माडावर शोधावे लागते.

बिअरमध्ये साखर माल्टमधून, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवातून, गरम पाण्याने काढली जाते. माल्टमधून मिळू शकणाऱ्या साखरेपैकी जेवढा हिस्सा प्रत्यक्ष रसात उतरतो, त्याला कार्यक्षमता म्हणतात. २० लिटरसाठी ७० टक्के कार्यक्षमतेने ५ किलो माल्ट लागत असेल, तर ५० लिटरसाठी ते अडीचपट करावे लागते; नव्या भांड्यांची कार्यक्षमता ७५ टक्के असल्यास त्या संख्येला ७०ने गुणून ७५ने भागले, की सुमारे ११.७ किलो हा आकडा मिळतो. उकळताना होणारी वाफ मात्र या त्रैराशिकात बसत नाही, कारण भांड्याची घडण तीच ठेवून आकारमान आठपट केले, तर रसाचा उघडा पृष्ठभाग चौपटच होतो.

माडीत साखर काढण्याचा हा टप्पाच नसतो, कारण ती माडाच्या रसात तयारच असते. न उमललेली पोय, म्हणजे माडाच्या फुलोऱ्याचे आवरण, दोरीने घट्ट आवळून काही दिवस हलके ठोकतात आणि तिचे टोक कापून खाली मडके बांधतात; पुढे सकाळ-संध्याकाळ माडावर चढून रस उतरवताना टोकाचा पातळ काप पुन्हा घेतला जातो, कारण जुना काप सुकला की झिरप मंदावते. ताजा, गोड रस म्हणजे नीरा. ती आंबू नये म्हणून मडक्याला आतून चुना लावतात. चुना नसेल, तर हवेतील आणि मडक्याला चिकटलेले यीस्ट व जिवाणू मडके बांधल्यापासूनच साखरेचे मद्यार्क व आम्ल करू लागतात आणि नीरेची माडी होते. बिअर करणारा यीस्ट मोजून घालतो. येथे कालच्या मडक्यात उरलेला थरच विरजणाचे काम करतो.

त्यामुळे माडी वाढवायची म्हणजे अधिक माड बांधायचे आणि ते चढणारे हात वाढवायचे. अनेक मडक्यांतील रस एका मोठ्या भांड्यात ओतला, तर हवेशी येणारा संबंध प्रमाणाने घटतो, म्हणून मद्यार्काचे व्हिनेगर होण्याची गती मंदावते. परंतु किण्वनातून निघणारी उष्णता मोठ्या आकारमानातून सहज बाहेर पडत नाही आणि रस लवकर आंबतो. लहान मडक्यातील चव मोठ्या भांड्यात जशीच्या तशी उतरेल, असे म्हणूनच धरता येत नाही.

या मोजमापात सरकारही उतरले. १८७८च्या मुंबई अबकारी कायद्याच्या अमलात रसासाठी छेदल्या जाणाऱ्या झाडांवर कर घेतला जाई, म्हणजे कराचा हिशेबही माडानेच होई. १९४९च्या दारूबंदी कायद्याने माड छेदणे व माडी काढणे परवान्यावर आणले, आणि घरी बिअर करण्यालाही त्याच कायद्याने आडकाठी आहे.

प्रमाण वाढवण्याची खरी किंमत मात्र वाडीतच मोजावी लागते. छेदलेल्या पोयीला नारळ धरत नाहीत. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याने गोव्यात १५६३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथातही फळासाठी राखलेले आणि सुरेसाठी, म्हणजे माडीसाठी, राखलेले माड वेगळे सांगितले आहेत. बिअर करणारा माल्ट वाढवतो तेव्हा फक्त खर्च वाढतो. वाडीवाल्याने माडीसाठी बांधलेला प्रत्येक माड नारळाच्या उत्पन्नातून वजा होतो, आणि म्हणून चौलसारख्या ठिकाणी माडीचे प्रमाण ठरवताना नारळाचा भावही विचारात घ्यावा लागतो.