धावपट्टी सारवणाऱ्या मायबहिणी

लढाई म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे बंदूकधारी जवान उभा राहतो. डोक्यावर घमेले घेतलेली बाई कधी उभी राहते का? आज तिचीच हकिकत ऐका.

साल १९७१, महिना डिसेंबरचा. पाकिस्तानशी युद्ध पेटले होते. गुजरातेत कच्छमधल्या भूज येथे आपल्या हवाई दलाचा तळ आहे. ८ डिसेंबरच्या रात्री शत्रूच्या विमानांनी त्यावर बॉम्ब टाकले. धावपट्टीला खड्डे पडले. अशा पट्टीवरून विमान उडणार कसे? आणि दुरुस्तीला तळावर माणसे अपुरी. तळाचे प्रमुख स्क्वाड्रन लीडर विजय कर्णिक, आपले मराठी अधिकारी. त्यांनी गावकऱ्यांची मदत घेतली.

शेजारच्या माधापर गावातून सुमारे ३०० बाया निघाल्या. कुणी घरचे लहानगे शेजारणीच्या हवाली केले, कुणी चूल तशीच सोडली. वरून बॉम्ब पडण्याचे भय होतेच. भोंगा वाजला की हातातले टाकून झाडाझुडपांत लपायचे. झाडीत मिसळून जावे म्हणून अंगावर हिरवी लुगडी. भोंगा थांबला की पुन्हा कामाला. शत्रूला वरून पट्टी ओळखू येऊ नये म्हणून तिच्यावर शेणाचा काला पसरला. अंगण सारवणाऱ्या हातांनी धावपट्टी सारवली म्हणा ना! ७२ तासांत पट्टी तयार झाली आणि विमाने पुन्हा उडू लागली.

पुढे सरकारने ५० हजारांचे बक्षीस दिले. ते या बायांनी वाटून घेतले नाही, गावाच्या सभागृहासाठी दिले. पण त्यांचे स्मारक माधापरात उभे राहायला २०१५ साल उजाडले. म्हणजे तब्बल ४४ वर्षे! तोवर त्यांतल्या कित्येकींनी डोळे मिटले होते. २०२१ साली चित्रपट निघाला, तेव्हा कुठे देशभर नाव झाले.

असा विसर का पडतो? खड्डे बुजवणे, शेण सारवणे हे बायकांचे रोजचेच काम, त्यात कसले शौर्य, असे आपण धरून चालतो. म्हणून ते कुणी लिहून ठेवत नाही.

दूर कशाला जायचे? पुढच्याच वर्षी, १९७२ साली, आपल्या महाराष्ट्रात मोठा दुष्काळ पडला. दुष्काळी कामांवर उन्हातान्हात खडी कुणी फोडली? आपल्याच आयाबहिणींनी. ज्या रस्त्याने आज तुमचा माल बाजाराला जातो, त्याखाली कदाचित तुमच्याच आजीने फोडलेली खडी असेल.

तेव्हा एक करा. घरात कुणी म्हातारी असेल तर आज रात्री जेवणे झाल्यावर तिच्याजवळ बसा. ती कोणत्या कामावर होती, मजुरी काय मिळे, पोरे कुठे ठेवी, सारे विचारा. शाळेत जाणाऱ्या नातवंडाला वहीत उतरवून घ्यायला सांगा. स्मारक उभारायला ४४ वर्षे लागली, वहीला एक संध्याकाळ पुरे.