धानाची रोवणी आणि मामा तलाव

मृग लागला की चंद्रपूर-गडचिरोलीच्या धानपट्ट्यात पऱ्हे टाकले जातात. तीन आठवड्यांत ते रोवणीस येतात. नेमक्या त्याच वेळी पावसाने ओढ दिली तर चिखलणी होत नाही, पऱ्हे जागच्या जागी म्हातारे होतात आणि मागाहून कितीही पाऊस पडला तरी फुटवे कमी येतात. मध्य भारतात १९५० नंतर मुसळधार पावसाच्या घटना वाढल्या असून दोन पावसांमधील खंडही शेतकऱ्यास जाचू लागला आहे. पावसाची वर्षाची बेरीज भरते. धान मात्र हातचे जाते.

अशा खंडावर या प्रदेशात जुना उपाय आहे. गोंड राजवटीपासून येथे तलाव बांधले गेले. त्या कामी कोहळी समाजाचे कौशल्य विख्यात होते. जंगलाच्या उतारावरून येणारे पाणी पाळ घालून अडवावयाचे व पाटाने खालच्या बांध्यांना द्यावयाचे, अशी ही रचना होय. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपुष्टात आली. माजी मालगुजारी तलाव हे 'मामा तलाव' झाले; परंतु पुष्कळ ठिकाणी भाच्यांनी मामाची विचारपूस केली नाही. गाळ साचला, बेशरम माजली.

२०१७ पासून शासनाच्या 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेने गाळ काढण्यास चालना मिळाली. गाळ हलक्या जमिनीच्या बांध्यांत पसरावा. मात्र त्याखालील चिकण माती खणू नये. तो थर फुटल्यास पाणी जमिनीत मुरून तलाव लवकर आटतो.

बी निवडतानाही तलाव ध्यानात घ्यावा. नागभीड तालुक्यातील नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ मध्ये शेतातील वेगळ्या लोंब्या हेरून निवडलेल्या एच.एम.टी. धानास चांगला भाव मिळतो. परंतु ते हलक्या धानापेक्षा अधिक दिवस घेते. म्हणून ते तलावाखाली लावावे व उंचावरील बांध्यांत हलके धान घ्यावे. सर्व बियाणे एकदम न टाकता हलक्या धानाची दुसरी रोपवाटिका दहा-पंधरा दिवसांनी टाकावी. पऱ्हे वयस्क झालेच तर चुडात रोपांची संख्या वाढवून दाट रोवणी करावी.

उत्तरा-हस्तात धान निसवत असता पाऊस थांबला, तर तलावाचे एक पाणीही पीक तारते. ते कोणत्या बांधीस आधी द्यावयाचे आणि मासेमारी संस्थेसाठी तलावात किती राखावयाचे, हे ग्रामसभेने रोवणीपूर्वीच ठरवावे. पाटावर फावडी घेऊन उभे राहिल्यावर ते ठरत नाही.