धामणीच्या वाट्याचे दाणे

श्रावण शुद्ध पंचमीस आपण पाटावर नागाची आकृती रेखाटतो, लाह्या व दूर्वा वाहतो, त्या दिवशी शेतात नांगर धरीत नाही. पण सर्पाचे खरे अन्न त्याच्यापर्यंत पोहोचते कसे, याचा विचार क्वचितच होतो. (ते अन्न दूध नव्हे, हे सर्पतज्ज्ञ सांगून थकले.)

आरंभ सूर्यनारायणापासून. शेतावर पडणाऱ्या प्रकाशापैकी जेमतेम शतांश शक्ती पिके अन्नरूपाने साठवितात. त्यांचे दाणे उंदीर खातो, उंदराला धामण, धामणीला सर्पगरुड. परंतु खाल्लेले सारे अंगी लागत नाही. धावणे, श्वसन, देहाची ऊब यांत बहुतेक शक्ती उष्णता होऊन निघून जाते, ती पुन्हा कोणा जीवाच्या कामी येत नाही. पाणी आणि मातीतील क्षार फिरून येतात. शक्तीला परतीची वाट नाही.

अमेरिकेत मिनेसोटातील सीडर बॉग या लहानशा तळ्यावर रेमंड लिंडेमन या तरुणाने हा जमाखर्च मांडला. परीक्षकांनी आधी नाकारलेला त्याचा निबंध १९४२ साली प्रसिद्ध झाला. तिशीही न गाठलेला लेखक त्यापूर्वी काही महिनेच निवर्तला होता. ढोबळ मानाने, एका पायरीवरून वरच्या पायरीस दशांशच पोहोचतो. दाण्यांत १००० मापे शक्ती असेल, तर उंदरांत १००, धामणीत १०, गरुडात १. म्हणूनच उंदीर उदंड, धामणी मोजक्या. त्यातही सर्पाला देह उबदार राखण्यासाठी अन्न जाळावे लागत नाही. इतका स्वस्त राखणदार दुसरा नाही.

काही वर्षांपूर्वी एका गावी पंचमीच्या कीर्तनात मी नांगराखाली सापडलेल्या नागाच्या पिलांची कहाणी रंगविली. श्रोत्यांचे डोळे पाणावले. दुसऱ्याच सकाळी यजमानांच्या गड्यांनी कडब्याच्या गंजीतली धामण काठीने ठेचली. मी चिपळ्यांची पिशवी घेऊन तेथेच उभा होतो. दक्षिणा नुकतीच स्वीकारली होती. बोललो नाही. पुढल्या वर्षी गेलो तो ज्वारीची पोती तळाशी कुरतडलेली. एका धामणीमुळेच हे झाले, असे मी म्हणणार नाही.

यंदा त्याच गावचे निमंत्रण आहे. आख्यान तेच लावीन; पूर्वरंगात मात्र हजारापासून एकापर्यंतचा हा हिशेब सांगावयाचा, असे ठरविले आहे. यजमान नेहमी पुढेच बसतात.