गुडघ्यातलं ‘वंगण’ संपलं म्हणजे नेमकं काय?

आजचा भाग आखाडा बाळापूरच्या एका श्रोत्यामुळे सुचला. त्याचा व्हॉइस मेसेज आला: “दादा, मायचे गुडघे लई दुखायलेत. वंगण संपलंय, इंजेक्शन घ्या म्हणलेत. हळदीचे पैसे आलेत हातात. घेऊ का?”

कळमनुरी-वसमतच्या पट्ट्यात हळद म्हणजे बायकांचं तासन्‌तास उकिडवं बसून काम. त्यामुळे हा प्रश्न एकाच घराचा नाही.

आधी गुडघा समजून घेऊ. मांडीचं हाड आणि नडगीचं हाड जिथं भेटतं, तिथं दोन्ही टोकांवर गुळगुळीत कूर्चा असते. मधे अंड्यातल्या पांढऱ्यासारखं चिकट पाणी. त्याला चिकटपणा देतं ते हायलुरोनिक ॲसिड. कार्ल मायर आणि जॉन पामर यांनी १९३४ साली ते गाईच्या डोळ्यातून वेगळं केलं. नंतर ते कोंबड्याच्या तुऱ्यातून काढू लागले, आता जिवाणूंपासूनही बनतं.

गुडघा झिजला की हे पाणी पातळ होतं. मग बाहेरून तेच जेल सोडलं तर? कल्पना भारी होती. अमेरिकेत १९९७ साली त्याला परवानगी मिळाली. काही प्रकारांत एकच सुई, काहींत दर आठवड्याला एक अशा तीन ते पाच. खर्च हजारांत.

पण गुडघा म्हणजे सायकलची चेन नाही, की तेल सोडलं आणि झालं! जेलनं झिजलेली कूर्चा परत येत नाही. आणि सोडलेलं जेलही काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत निघून जातं.

२०२२ साली ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात १६९ चाचण्यांचा आढावा आला. एकवीस हजारांहून जास्त रुग्ण. त्यातल्या मोठ्या चाचण्यांत खोट्या इंजेक्शनच्या तुलनेत वेदनेत फरक किती? १०० पैकी साधारण २ गुण. म्हणजे पेशंटला जाणवेल इतकाही नाही. त्याच वर्षी ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेनं सांगितलं, हे इंजेक्शन देऊ नका.

मग शेजारच्या काकूंना आराम कसा पडला? पडतो ना! पण नुसत्या मिठाच्या पाण्याच्या सुईनंही अनेकांना पडतो. शिवाय हे दुखणं मुळातच कमी-जास्त होत राहतं. काही डॉक्टर सुरुवातीच्या झिजेत हे इंजेक्शन अजूनही देतात, ती फसवणूक नाही. फक्त आशा किती ठेवायची, ते आधी कळायला हवं.

मग करायचं काय?

एक, मांडीचे स्नायू. खुर्चीवर बसून पाय सरळ करायचा, पाच सेकंद धरायचा, सोडायचा. रोज. फुकट आहे, आणि याचा पुरावा सुईपेक्षा पक्का आहे.

दोन, वजन जास्त असेल तर कमी करणं. एक किलो घटलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी उतरतो.

तीन, उकिडवं बसणं टाळा. कामाला छोटं स्टूल, संडासला कमोड खुर्ची.

चार, मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणून महिनोन्‌महिने खाऊ नका. पोट आणि किडनी, दोन्हीला त्रास. चोळायचं मलम आधी विचारा.

आणि गुडघा अगदीच गेला असेल तर ऑपरेशनला घाबरू नका. अटलबिहारी वाजपेयींचा एक गुडघा २००० साली, पंतप्रधान असताना, मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात बदलला. दुसरा २००१ साली. त्यानंतरही ते २००४ पर्यंत पंतप्रधान होते.

एक सावधगिरी: सकाळी तासभर सांधे आखडत असतील, बोटंही सुजत असतील, तर आजार वेगळा असू शकतो. आणि सुई घेतल्यावर गुडघा लाल, गरम झाला, ताप आला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

तर बाळापूरच्या मित्रा, हळदीचे पैसे लगेच मोडू नकोस. मायला घेऊन जा आणि डॉक्टरांना तीन प्रश्न विचार: झीज कितपत आहे? सुईनं किती दिवस, किती फरक पडेल? आधी तीन महिने व्यायाम केला तर चालेल का?

आणि व्यायाम मायला एकटीला करायला लावू नको. तूही शेजारी खुर्ची टाकून बस. भेटू पुढच्या भागात!