चंदगडच्या सुपरवायझरला आजऱ्याचे आकडे का दिसतात?

कोल्हापूर जिल्ह्यात तालुके 12. समजा, एखाद्या दूध संस्थेने सगळ्यांसाठी एकच डॅशबोर्ड केला आणि प्रत्येक सुपरवायझरला फक्त स्वतःच्या तालुक्याचं संकलन दिसावं असं ठरवलं. त्यासाठी एक छोटा तक्ता लागतो: कोणता ईमेल, कोणता तालुका. बहुतेक घोळ याच तक्त्यात असतो.

स्क्रीन कोरी दिसली की लोक आधी इंटरनेटला शिव्या घालतात. त्याआधी स्पेलिंग बघा. तक्त्यात ‘गडहिंग्लज’ आणि मूळ नोंदींत ‘गडहिंगलज’ असेल, तर संगणकाच्या लेखी ती दोन गावं. शब्दामागची रिकामी जागाही तेवढीच नडते. ती डोळ्यांना दिसत नाही, म्हणून जास्त छळते. डॅशबोर्ड ‘क्लिक सेन्स’ या सॉफ्टवेअरमध्ये केला असेल, तर तक्त्यातली इंग्रजी अक्षरं कॅपिटल ठेवावी लागतात.

उलट तक्रार, म्हणजे सगळंच दिसतं, ही जास्त गंभीर. ‘पॉवर बीआय’ या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तालुक्याचे हे निर्बंध फक्त ‘व्ह्यूअर’ला लागू होतात. वर्कस्पेसमध्ये कुणाला ‘मेंबर’ किंवा ‘कॉन्ट्रिब्युटर’ केलं, की त्याला सगळं मोकळं. एकाच व्ह्यूअरला निर्बंधांचे दोन रोल दिले, तर दोन्हींचा डेटा दिसतो. निर्बंध वाढत नाहीत, सैल होतात.

ॲडमिनने स्वतःच्या लॉगिनवरून तपासून ‘माझ्याकडे बरोबर दिसतंय’ म्हणण्यात अर्थ नाही. पॉवर बीआयमधलं ‘व्ह्यू ॲज’ वापरा, तक्रार करणाऱ्याचाच ईमेल टाका. आणि क्लिक सेन्समध्ये नियम बदलण्यापूर्वी ॲपची एक प्रत बाजूला ठेवा. चूक झाली तर नियम लिहिणाराही बाहेर अडकतो.