डोळ्यांची अ‍ॅलर्जी: आयुर्वेदाच्या नावावर काहीही घालू नका

कोन गावातून जाणाऱ्या कल्याण-भिवंडी रस्त्यावर ट्रकांची धूळ, पुढे भिवंडीत यंत्रमागांवरून उडणारी कापसाची तूस. अशा हवेत एखादं पोर वर्षानुवर्षं डोळे चोळत राहिलं, तर घरात पहिलं वाक्य ठरलेलं असतं: ‘डोळे आलेत, शाळेत पाठवू नका.’ 2023च्या पावसाळ्यात राज्यात डोळ्यांची साथ आली होती, ती संसर्गाची. अ‍ॅलर्जीची मुख्य खूण म्हणजे खाज. शिवाय दोन्ही डोळे लाल, तारेसारखा ओढला जाणारा चिकट स्राव आणि दरवर्षी तीच तक्रार. ही अ‍ॅलर्जी एकाकडून दुसऱ्याला होत नाही.

सगळ्यात घातक समज मात्र वेगळाच आहे. डोळ्यांत मध, गुलाबपाणी किंवा त्रिफळ्याचं गाळलेलं पाणी घातलं की झाला आयुर्वेदिक उपचार! सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात 76 नेत्ररोग सांगितले आहेत. त्यांतल्या अभिष्यंदाचे, म्हणजे डोळे लाल होऊन वाहण्याचे, चार प्रकार. खाज, सूज आणि चिकट स्राव ही त्यांतल्या कफज अभिष्यंदाची लक्षणं. तिथे उपचाराला क्रम आहे: आधी लंघन, मग शेक आणि आश्च्योतन, म्हणजे उघड्या डोळ्यात औषधाचे मोजके थेंब सोडणं. अंजन येतं ते दोष पक्व झाल्यावर, लाली-सूज ओसरल्यावर. म्हणजे वाहत्या, लालबुंद डोळ्यात काजळ घालणं शास्त्रालाच मंजूर नाही. त्यातून कित्येक सुरम्यांत शिसं असतं. उडदाच्या पिठाचं कडं करून त्यात कोमट तूप धरायचं, ते तर्पणही ऐन सुजेत करत नाहीत. आणि स्वयंपाकघरातला काढा कितीही गाळला तरी निर्जंतुक होत नाही. चोळून खरचटलेल्या बुबुळाला त्यातले जंतू पुरतात.

‘आयुर्वेदाने अ‍ॅलर्जी मुळासकट जाते’ या दाव्याला आधार देतील असे मोठे, काटेकोर अभ्यास फार थोडे आहेत. मुलांमधला हा आजार पुष्कळदा वयात आल्यावर आपोआप ओसरतो. त्याचं श्रेय शेवटच्या औषधाला मिळतं, हेही खरं.

उलट बाजूची चूक तितकीच गंभीर. मेडिकलमधून जुन्या चिठ्ठीवर स्टिरॉइडचे थेंब आणले की लाली झटकन जाते, म्हणून पुन्हा तेच आणतात. महिनोन्‌महिने ते घातल्याने डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो. तो दुखत नाही आणि गेलेली दृष्टी परत येत नाही. मोतीबिंदूही लवकर होऊ शकतो. सतत चोळण्याने बुबुळ शंकूसारखं पुढे येऊ शकतं, ते वेगळंच. खाज सुटली की थंड पाण्याची घडी ठेवा, चोळू देऊ नका.

आयुर्वेदिक उपचार घ्यायचे तर शालाक्यतंत्रात, म्हणजे डोळे-कान-नाक-घशाच्या आयुर्वेदिक शाखेत, एम.एस. केलेल्या वैद्यांकडे जा. सुरू असलेले थेंब स्वतःहून बंद करू नका. वैद्य आणि नेत्रतज्ज्ञ, दोघांना एकमेकांची औषधं दाखवा आणि स्टिरॉइड चालू असेल तर डोळ्यातला दाब तपासून घ्या. डोळा दुखू लागला, उजेड सहन होईना किंवा अंधुक दिसू लागलं, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे मुलाला न्या.