शिंकणारे मूल आणि घरी येणारा कुत्रा

मुलाला पाळीव प्राण्यांची सौम्य ॲलर्जी असेल, तर घरात आणायचा कुत्रा पूडल, शित्झू किंवा लॅब्राडूडल अशा 'ॲलर्जी न देणाऱ्या' जातीचा असावा, हा समज महानगरांतून वसई-विरारसारख्या वाढत्या शहरांपर्यंत पोहोचला असून त्यापोटी पालक पिल्लासाठी हजारो रुपये मोजण्यास तयार होतात. या समजाला आधार देणारा पुरावा शोधण्याचे प्रामाणिक प्रयत्न संशोधकांनी केले आहेत आणि तो त्यांना सापडलेला नाही.

समजाचे मूळ केसांमध्ये आहे. ज्या कुत्र्याचे केस कमी गळतात त्याचा त्रासही कमी, असे तर्कशुद्ध वाटते. परंतु ॲलर्जी केसाची नसते, तर लाळ, त्वचेचा कोंडा आणि मूत्र यांतील काही ठरावीक प्रथिनांची असते. त्यांना ॲलर्जन म्हणतात आणि कुत्र्याच्या 'कॅनिस फॅमिलिॲरिस' या शास्त्रीय नावाच्या आद्याक्षरांवरून त्यांना 'कॅन एफ १', 'कॅन एफ २' असे क्रमांक दिले जातात. यांपैकी सर्वांत परिचित असलेले 'कॅन एफ १' प्रामुख्याने जिभेतील लाळग्रंथींत तयार होते आणि कुत्रा अंग चाटतो तेव्हा सर्वांगावर पसरते. ते लिपोकॅलिन या कुळातील आहे, म्हणजे त्याच्या रेणूची घडण पानांच्या द्रोणासारखी पोकळ असते आणि त्या पोकळीत लहान, तेलकट रेणू वाहून नेले जातात. ज्या मुलाच्या शरीरात या द्रोणाविरुद्ध 'इम्युनोग्लोब्युलिन ई' ही प्रतिपिंडे तयार झालेली असतात, त्याच्या नाकातील पेशी त्याचा स्पर्श होताच हिस्टामिन सोडतात आणि शिंका, पाणी, खाज सुरू होते. ही प्रतिपिंडे १९६६ साली किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या जपानी दांपत्याने अमेरिकेतील डेन्व्हर येथे ओळखली. ॲलर्जीच्या प्रत्येक रक्तचाचणीत ज्यांचे काम वापरले जाते त्या तेरुकोबाईंचे नाव मात्र फार थोड्यांच्या कानावर गेलेले असते.

लॅब्राडूडलची जन्मकथा या संदर्भात मुळातून समजून घेण्याजोगी आहे, कारण तिच्याकडे लक्ष दिले असते तर पुढचा गैरसमज वाढलाच नसता. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यातल्या अंधांसाठी मार्गदर्शक कुत्रे तयार करणाऱ्या संस्थेत वॉली कॉनरन हे पैदास विभाग सांभाळत असताना हवाईमधील एका दृष्टिहीन महिलेने कुत्र्याची मागणी केली. तिच्या पतीला कुत्र्यांची ॲलर्जी होती. कॉनरन यांनी आधी ३३ पूडल तपासले, पण मार्गदर्शनाच्या कामासाठी त्यांतील एकही योग्य ठरला नाही, म्हणून १९८० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी लॅब्राडॉर आणि पूडल यांचा संकर घडवला. तीन पिल्ले झाली. त्यांचे केस आणि लाळ हवाईला पाठवून त्या पतीवर तपासण्यात आले, तेव्हा तिघांपैकी एकाच पिल्लाचा त्याला त्रास झाला नाही. आई एक, बाप एक, वेत एक, आणि तरीही दोन पिल्ले त्रासदायक ठरली: सारे शास्त्र या निकालातच सामावलेले आहे. तथापि उरलेल्या पिल्लांना सांभाळायला कोणी पुढे येईना, तेव्हा संस्थेने 'लॅब्राडूडल' हे नाव जाहीर केले आणि नावासरशी मागणीचा पूर आला. पुढे या नावावर चाललेल्या बेजबाबदार पैदाशीबद्दल स्वतः कॉनरन यांनी जाहीर खेद व्यक्त केला.

मोजमापे नंतर आली. अमेरिकेत २०११ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत कुत्रा असलेल्या घरांतील धूळ तपासली गेली, तेव्हा 'ॲलर्जी न देणाऱ्या' म्हणवल्या जाणाऱ्या जातींच्या आणि इतर जातींच्या घरांत 'कॅन एफ १' च्या प्रमाणात फरक आढळला नाही. २०१२ सालच्या डच अभ्यासात तर या खास जातींच्या केसांवर ते अधिकच सापडले, आणि एकाच जातीच्या दोन कुत्र्यांमधील अंतरही मोठे निघाले. बराक ओबामा यांनी २००९ साली ॲलर्जी असलेल्या मुलीसाठी पोर्तुगीज वॉटर डॉग निवडला, त्याने या कल्पनेला जी प्रतिष्ठा मिळाली ती या आकड्यांना मिळाली नाही, हे दुर्दैव होय.

याहून मोलाचा शोध स्वीडनमध्ये २००९ साली लागला. 'कॅन एफ ५' हे प्रथिन नर कुत्र्याच्या प्रोस्टेट ग्रंथीत तयार होऊन मूत्रावाटे बाहेर पडते, हे तेथील संशोधकांनी दाखवले. तपासलेल्या ॲलर्जीग्रस्तांपैकी सुमारे ७० टक्क्यांच्या रक्तात त्याविरुद्धची प्रतिपिंडे होती आणि काहींच्या रक्तात केवळ त्याचीच. मादीत हे प्रथिन जवळजवळ नसते आणि निर्बीजीकरणानंतर प्रोस्टेट आक्रसत असल्याने नरातही ते घटते. म्हणजे ज्या मुलाची ॲलर्जी फक्त 'कॅन एफ ५' ची आहे, त्याला मादी बहुधा सोसेल, मग ती कोणत्याही जातीची असो. आगाशी, निर्मळ किंवा नालासोपाऱ्याच्या गल्लीत जन्मलेली गावठी मादी अशा मुलासाठी महागड्या नर पूडलपेक्षा शास्त्रीयदृष्ट्या अधिक योग्य ठरू शकते, आणि कानाला खाच पाडलेला, म्हणजे निर्बीजीकरण झालेला नरही विचारात घेता येतो. अर्थात रेबीजची लस दोघांनाही अपरिहार्य आहे. ही ॲलर्जी नेमकी कोणत्या प्रथिनाची हे सांगणारी घटकनिहाय रक्तचाचणी आता भारतातही होते, आणि जातीच्या प्रमाणपत्रापेक्षा तिच्यावरचा खर्च अधिक सार्थकी लागतो.

त्याआधी मात्र दोषी कुत्राच आहे काय, हे ठरवावे लागते. १९६४ साली नेदरलँड्समधील लायडन येथे व्होरहॉर्स्ट आणि स्पीक्समा यांनी घरातील धुळीच्या ॲलर्जीचे कारण म्हणून गादीत राहणारे सूक्ष्म धूळकिडे दाखवून दिले. हे किडे पाणी पीत नाहीत, हवेतील बाष्प अंगात शोषून जगतात. आणि समुद्र, खाडी व मिठागरे यांनी वेढलेल्या वसईच्या पट्ट्यात पावसाळाभर भिंतींना ओल येते, गाद्या दमट राहतात, कपाटांच्या मागे बुरशी धरते. त्यामुळे येथील अनेक शिंका कुत्रा येण्याआधीपासूनच्या असू शकतात. त्वचेवर सूक्ष्म टोचणी देऊन केल्या जाणाऱ्या चाचणीत धूळकिडे, बुरशी, झुरळ आणि कुत्रा यांची एकत्र तपासणी होते, म्हणून ती बालरोगतज्ज्ञाच्या सल्ल्याने आधी करावी.

दोन्ही ॲलर्जनचे वागणे वेगळे असते. धूळकिड्यांच्या विष्ठेचे कण जड असल्याने काही मिनिटांत खाली बसतात, तर कुत्र्याच्या ॲलर्जनचा सुमारे पाचवा भाग ५ मायक्रॉनहून, म्हणजे मिलिमीटरच्या दोनशेव्या भागाहून लहान कणांवर असतो आणि तासन्तास हवेत तरंगतो. म्हणून विरारच्या वन रूम किचनमध्ये कोरड्या झाडूने केर काढणे ॲलर्जन पुन्हा उडवते, ओल्या फडक्याने लादी पुसणे ते पकडते. आणि वसईच्या पश्चिमेकडील वाडीतल्या, पडवी असलेल्या घरात कुत्रा पडवीतच झोपला, तर बंद सदनिकेच्या तुलनेत मुलाच्या श्वासात ते पुष्कळ कमी जाते. मुलाची झोपण्याची खोली कुत्र्याला कायम बंद असावी. आंघोळीने कुत्र्याच्या अंगावरील 'कॅन एफ १' कमी होते, पण १९९९ सालच्या अभ्यासानुसार हा परिणाम टिकवण्यासाठी ती आठवड्यातून दोनदा घालावी लागते; जुलैच्या दमट हवेत लांब केसांचा शित्झू इतक्या वेळा पूर्ण कोरडा करणे कठीण असते आणि ओलसर राहिलेल्या त्वचेला बुरशीचा संसर्ग होतो, तर आखूड केसांचा देशी कुत्रा टॉवेलने पुसला की लवकर वाळतो.

निवडीची शेवटची कसोटी त्या एका विशिष्ट कुत्र्याबरोबरची असते. मुलाने त्याच्यासोबत बंद खोलीत, वेगवेगळ्या दिवशी, काही तास घालवावेत, आणि पिल्लापेक्षा वाढ झालेला कुत्रा घेतल्यास ही परीक्षा अधिक विश्वासार्ह ठरते, कारण पिल्लू मोठे होताना त्याच्या अंगातील ॲलर्जनचे प्रमाण बदलू शकते. नाक वाहणे, डोळे चोळणे एवढ्यावर भागत असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने पुढे जाता येते. छातीतून शिट्टीसारखा आवाज आला, रात्री खोकला वाढला किंवा मुलाला आधीच दमा असेल, तर कुत्रा घरी आणण्याचा बेत तेथेच थांबवावा.